तुटलेला स्टड आणि न तपासलेली चासी

वाचकाचा प्रश्न, संक्षेपाने :

पन्नाशीच्या आसपासच्या एका वाचकाने अडीच वर्षांपूर्वी एक जुना, बंद पडलेला, पेट्रोलवर चालणारा पिकअप ट्रक विकत घेतला आणि घरामागच्या शेडमध्ये तो स्वतःच्या हातांनी पूर्ववत करायला घेतला. सहा महिन्यांत गाडी रस्त्यावर येईल, असा त्यांचा हिशेब होता. प्रत्यक्षात केबिन आतून रिकामी झाली, हौदा उतरला, सुटे भाग खोक्यांत गेले आणि मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा नळ्यांचा जोड) काढताना एक स्टड (इंजिनात रोवलेला, वरून नट आवळायचा बिनडोक्याचा बोल्ट) हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी लगत तुटला. तो काढण्यासाठी घातलेला एक्स्ट्रॅक्टरही (तुटलेला तुकडा पिळून बाहेर काढायचे हत्यार) आतच मोडला. शेजारी दिवा धरून उभ्या असलेल्या भाच्यावर ते त्या वेळी संतापले आणि तेव्हापासून भाचा शेडकडे फिरकलेला नाही. चार महिने काम बंद आहे. पत्राच्या शेवटी ते असेही लिहितात की मागच्या पाट्यांच्या (धक्के झेलणाऱ्या पट्टी-स्प्रिंगांच्या) हँगरजवळ चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, गंज दिसतो आहे आणि गाडी सध्या विटांच्या थरांवर उभी आहे. माझ्या हातांत कसब नाही हे मान्य करून गाडी विकून टाकावी, की एवढे केले आहे तर नेटाने पूर्ण करावी, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक काम सांगतो, आणि हे उत्तर अर्धवट ठेवून तुम्ही ते आधी उरकलेत तर मला आनंदच होईल. गाडी विटांवरून उतरवा. वीट वजन पेलते असे आपल्याला भिंतीकडे पाहून वाटते. परंतु भिंतीत तिच्यावरचा भार सगळ्या पृष्ठभागावर सारखा पसरलेला असतो, तर ॲक्सलच्या किंवा चासीच्या अरुंद लोखंडाखाली तोच भार एका रेघेवर येतो, आणि भाजलेली माती वाकून इशारा देत नाही, ती एकदम फुटते. सिमेंटचे पोकळ ठोकळेही त्याच जातीचे. शेडची जमीन सपाट आणि टणक असेल तर गाडीच्या वजनाला पुरून उरतील अशा जॅक स्टँडवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत घोडीवर, ती उभी करा. जमीन तशी नसेल तर चाके चढवून सरळ खाली ठेवा. एका वेळी एकच टोक उचला, ते उचलताना गाडीखाली शिरू नका, टेकलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि घोडी लागल्यावर खाली जाण्यापूर्वी गाडीला बाजूने दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे तर कधीच नको, कारण हायड्रॉलिक जॅकचा सगळा आधार शेवटी एका रबरी सीलवर असतो.

आता तुमच्या पत्राविषयी. चार पानांपैकी जवळजवळ अडीच पाने त्या एका स्टडने व्यापली आहेत. चासीच्या गंजाला मात्र तुम्ही एकच वाक्य दिले आहे, आणि तेही ‘शिवाय’ या शब्दाने सुरू होणारे. मला वाटते, तुमच्या कोंडीचे मूळ या वाटपात आहे. स्टड तुमच्या हातून तुटला, म्हणून तो चार महिने सलतो आहे. गंज कुणाच्याच हातून झालेला नाही, तो तुम्ही गाडी घेण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या गतीने चालू होता, म्हणून तो तुम्हाला लागला नाही. गाडीच्या हिशेबात मात्र या दोन गोष्टींची वजने नेमकी उलटी आहेत. तुटलेला स्टड हे एखाद्या चांगल्या मशीन शॉपचे थोडक्या वेळाचे काम आहे. चासी सडलेली असेल तर तुमचा संपूर्ण प्रश्नच बदलतो, आणि ती सडलेली आहे की नाही हे या घटकेला ना तुम्हाला ठाऊक आहे ना मला. विकावी की ठेवावी याचे उत्तर तुम्हाला चार महिने सापडले नाही, त्याचे कारण मनाचा दुबळेपणा नसून ज्या माहितीवर ते उत्तर उभे राहायचे ती माहितीच अजून गोळा झालेली नाही, हे असावे.

तरीही स्टडबद्दल आधी बोलू, कारण तो काटा निघाल्याशिवाय तुमचे पुढच्या मजकुराकडे लक्ष लागणार नाही.

एक्झॉस्टचे स्टड हे कोणत्याही जुन्या इंजिनातले सर्वांत छळलेले तुकडे असतात. इंजिन प्रत्येक वेळी चालू झाले की ते कित्येक शे अंश तापतात, बंद झाले की निवतात, आणि हे वर्षानुवर्षे चालते. मध्येच गाडी काही वर्षे उभी राहिली की आट्यांमध्ये दमटपणा शिरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आट्यांच्या फटीत तो पाचर मारल्यासारखा बसतो आणि स्टडची मान दरम्यान बारीक होत जाते. अशा स्टडवर पाना लावणारा माणूस तीस वर्षांचा अनुभवी मेकॅनिक असला तरी काही स्टड तुटतातच, आणि तो मेकॅनिक त्याबद्दल कुणाला पत्र लिहीत नाही. तो चहाच्या वेळेपर्यंत ते विसरलेला असतो. तेव्हा स्टड तुटण्यावरून तुमच्या हातांची परीक्षा करू नका.

एक्स्ट्रॅक्टरची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे, आणि तिथे मी तुमची समजूत काढण्याऐवजी खरे ते सांगतो. स्टड तुटणे आणि एक्स्ट्रॅक्टर मोडणे यांत चाळीस मिनिटांचे अंतर होते, असे तुम्हीच लिहिले आहे. ती चाळीस मिनिटे फार कमी होती. निमुळता एक्स्ट्रॅक्टर छिद्रात ठोकला की तो अडकलेल्या तुकड्याला आतून फुगवतो, म्हणजे जो तुकडा आधीच आवळून बसला आहे त्याला आणखी आवळतो. शिवाय तो कठीण पोलादाचा असल्यामुळे पिळवटत नाही, टिचतो, आणि टिचल्यावर साध्या ड्रिलला दाद देत नाही. उणीव कसबाची नव्हती, उसंतीची होती. तो तुकडा त्या संध्याकाळीच निघाला पाहिजे, अशी गाडीची काहीही गरज नव्हती.

आता तिथे पुन्हा ड्रिल लावू नका. ड्रिलचे टोक कठीण पोलादावरून घसरून शेजारच्या मऊ बिडात शिरते आणि छिद्र वाकडे होते. मग हेडच वाया जाण्याची वेळ येते. हेड उतरवून मशीन शॉपमध्ये न्या. मोडलेले टॅप (आटे पाडायचे हत्यार) आणि एक्स्ट्रॅक्टर काढण्यासाठी तिथे स्पार्क इरोजनची पद्धत वापरता येते. तीत विजेच्या ठिणग्यांनी आतला तुकडा कणाकणाने झिजवून काढतात आणि भोवतालच्या आट्यांना सहसा इजा होत नाही. आटे गेलेच तर तारेच्या गुंडाळीचा इन्सर्ट बसवून मूळ मापाचे आटे परत मिळतात, आणि ते बहुधा जुन्यापेक्षा मजबूत असतात.

उरलेल्या स्टडांसाठी एक गोष्ट बोटांना शिकवून ठेवा. अडकलेला नट खरोखर सुटतो तेव्हा ‘कट्’ असा आवाज येतो आणि पाना एकदम हलका होतो. जो स्टड तुटणार असतो तो आधी मऊ लागतो : पाना फिरतो आहे, पण नट सुटल्याची जाणीव होत नाही, ओल्या दोरीला पीळ द्यावा तसे काहीतरी हाताला लागते. तो मऊपणा जाणवताच थांबा, पाना उलट फिरवून पूर्वीच्या जागी आणा. गंज सोडवणारे पातळ तेल दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ सोडा. त्यानंतर तेल आणि पेट्रोल दूर ठेवून, सांडलेले तेल पुसून, फक्त नट तापवा, म्हणजे तो स्टडपेक्षा आधी प्रसरण पावतो. मग प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेने आणि नंतर सोडण्याच्या दिशेने, पाव पाव फेरा असा मागे-पुढे करत न्या. एखादा तुटलाच आणि त्याचे थोडे टोक बाहेर राहिले, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करणे हा एक्स्ट्रॅक्टरपेक्षा चांगला उपाय आहे, कारण त्याने धरायला जागाही मिळते आणि तुकड्याला उष्णताही मिळते.

हेड उतरणारच आहे, तर उतरवण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्लगच्या जागी दाबमापक लावून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजून घ्या. ही संधी पुन्हा लवकर येत नाही. इंजिन वर्षानुवर्षे उभे असल्याने आधी सगळे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडा, एक दिवस जाऊ द्या, आणि क्रँक पुलीला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण फिरते का ते पाहा. ते मोकळे फिरल्यावरच सेल्फ मारा. छिद्रांसमोर तोंड न ठेवता पहिल्या काही फेऱ्यांत ते तेल बाहेर फेकले जाऊ द्या, कारण आत उरलेले तेल कमकुवत सिलिंडरचेही माप चांगले दाखवते. मग इग्निशनची जोडणी सोडून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, प्रत्येक सिलिंडरला तितक्याच फेऱ्या देत आकडे लिहा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशापेक्षा खाली गेला नसावा, असा ढोबळ नियम आहे. जो सिलिंडर कमी भरला त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजले आहेत. तो तिथेच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर जातो. आणि शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर त्यांच्यामधले गॅस्केट उडालेले असण्याची शक्यता मोठी. हे आकडे मशीन शॉपला हेड देताना कागदावर लिहून द्या.

इतके बोलून आता खऱ्या प्रश्नाकडे येतो, तो म्हणजे चासी.

तुमच्या पिकअपची चासी शिडीसारखी आहे : दोन लांब बाजूपट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. केबिन, हौदा, इंजिन, पाटे, सगळे तिच्यावर टांगलेले असते. केबिनचा पत्रा सडला तर तो कापून नवा लावता येतो आणि चूक झाली तर पुन्हा कापता येतो. पाट्याचा हँगर ज्या जागी चासीला बसतो ती जागा मात्र प्रत्येक खड्ड्याचा धक्का घेते, आणि ती धावत्या गाडीखाली सुटली तर मागचा ॲक्सल तिरका होऊन गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. दुर्दैवाने गंजाला हीच जागा आवडते, कारण तिथे दोन पत्रे एकमेकांवर बसलेले असतात, चिखल साचतो आणि वाळत नाही.

तपासण्याची रीत साधी आहे. तारेच्या ब्रशने आणि खरवडणीने चिखल, जुने ग्रीस आणि सुटलेला रंग काढा. मग लहान गोल तोंडाच्या हातोडीने बाजूपट्टी पुढून मागे, हातभर अंतरानेही नव्हे तर दोन-दोन बोटांवर, ठोकत जा आणि कान द्या. निरोगी पोलाद खणखणते आणि हातोडी उसळवते. सडलेल्या जागी आवाज बसका होतो, हातोडी उसळत नाही, आणि कधी कधी आतून गंजाचे पापुद्रे सांडल्याची सळसळ ऐकू येते. अशा प्रत्येक जागी टोकदार पेचकस जोराने रोवून पाहा. पेचकस आत गेला तर वाईट वाटून घेऊ नका. तो आज शेडमध्ये आत गेला, ही चांगली गोष्ट आहे. पेटीसारख्या बंद भागांना विशेष संशयाने वागवा, कारण ते आतून बाहेर सडतात आणि वरचा रंग शेवटपर्यंत सुरेख राहतो. हँगर, क्रॉस मेंबरचे जोड, केबिनच्या मागची जागा आणि केबिनचे माउंटिंग या चार ठिकाणी दुप्पट वेळ द्या.

त्याच दिवशी चासी चौकोनात आहे का तेही पाहून घ्या. दोन्ही बाजूंना सारख्या असलेल्या पुढच्या आणि मागच्या दोन-दोन छिद्रांतून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खुणा करा, मग कर्ण मोजा : पुढचा डावा ते मागचा उजवा, आणि पुढचा उजवा ते मागचा डावा. दोन्ही मापे जुळली पाहिजेत. किती फरक चालतो हे तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेले असते. फरक डोळ्यांत भरण्याइतका असेल तर ही गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे आणि गंजापेक्षाही मोठे दुखणे अंगात घेऊन बसली आहे.

या तपासणीतून तीनपैकी एक चित्र निघेल. गंज वरवरचा असेल, म्हणजे ठोकल्यावर सगळीकडे आवाज स्वच्छ आला, तर खरवडून, फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावून, प्रायमर आणि रंग देण्याने भागेल, आणि ते तुम्हीच करू शकता. एक-दोन ठिकाणीच पोलाद गेले असेल तर ते कापून नवे बसवावे लागेल, आणि हे काम तुम्ही करू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो. पत्र्याचे वेल्डिंग जमणे आणि चासीचे वेल्डिंग जमणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. सडलेल्या भागावर वरून पट्टी चिकटवली तर ती कमकुवत पोलादालाच धरून राहते. काही वाहनांच्या चासीचे पोलाद उष्णसंस्कार केलेले असते आणि वेल्डच्या उष्णतेने त्याची ताकद जाते. आणि बाहेरून गुळगुळीत दिसणारा वेल्ड आत किती उतरला आहे हे अननुभवी डोळ्याला कळत नाही. चासीचे काम रोज करणाऱ्या माणसाकडे गाडी द्या, आणि देण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्या, कारण रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिसरे चित्र, पुढून मागेपर्यंत अनेक जागी बसका आवाज येण्याचे. तसे निघाले तर त्या मॉडेलची दुसरी चांगली चासी मिळते का ते पाहा, आणि न मिळाल्यास ही गाडी दुसऱ्या कुणाच्या गाडीला सुटे भाग पुरवण्यासाठी द्या. तो पराभव ठरणार नाही. सडक्या चासीवर रंगवलेली सुंदर केबिन रस्त्यावर आणणे मात्र मला गुन्ह्यासारखे वाटते.

तुमचे दुसरे गृहीतक ‘एवढे केले आहे तर’ या चार शब्दांत आहे. अडीच वर्षांत तुम्ही प्रामुख्याने काय केले, तर गाडी उघडली. उघडणे हे काम मोठे दिसते, पण ते प्रवासाच्या वाटेवरचे अंतर मानता येत नाही, कारण तितकेच अंतर परतीला कापायचे असते आणि परतीची वाट नेहमी लांब पडते. याहून मला खटकलेली गोष्ट अशी की, चार पानांत एकदाही तुम्ही ही गाडी कशासाठी हवी आहे ते लिहिलेले नाही. तिच्यातून सामान वाहायचे आहे का, सुटीच्या दिवशी फेरफटका मारायचा आहे का, ती कारखान्यातून निघाली तशी दिसायला हवी आहे का, की शेडमधले तास हाच मुळात तुमचा आनंद होता? उत्तर शेवटचे असेल तर सहा महिन्यांची मुदत तुमच्यावर कुणी लादली, हे स्वतःला विचारा. उत्तर सामान वाहण्याचे असेल तर मूळ रंगाची छटा, आसनांचे मूळ कापड, चकचकीत बंपर ही सगळी कामे आज यादीतून काढून टाकता येतात, आणि मला वाटते, यादी निम्म्याने उतरेल.

चासी तरली, तर पुढचा क्रम मी असा सुचवीन. हेड मशीन शॉपकडे, चासीचा तेवढा जोड जाणकाराकडे, आणि बाकी सगळे तुमच्याकडे. दोन कामे बाहेर दिल्याने गाडी ‘स्वतः केलेली’ राहत नाही, असे तुमच्या पत्राच्या सुरावरून तुम्हाला वाटत असावे; परंतु व्यवसायाने गाड्या पूर्ववत करणारे लोकही बोअर मशीन शॉपमधूनच घासून आणतात.

तुमच्या वाट्याच्या कामांत ब्रेक सर्वांत आधी घ्या, इंजिन चालू करण्याच्याही आधी. कारण अगदी मानवी आहे : इंजिन एकदा सुरू झाले की माणसाला गाडी पाच फूट का होईना हलवल्याशिवाय राहवत नाही. जुन्या अनेक पिकअपमध्ये मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेककडे पाठवणारा भाग) एकेरी असतो, म्हणजे एका चाकाजवळ गळती झाली तरी चारही चाकांचे ब्रेक जातात. रबरी होज बाहेरून धड दिसले तरी आतून सुजून बंद होतात. पायाच्या जोराने ब्रेक ऑइल पुढे जाते आणि मागे येत नाही, आणि चाक धरून बसते. लोखंडी नळ्या क्लिपच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे, गंजतात. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते : डॉट 3 दर्जाचे नवे ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी अट आहे, पण पाणी शोषलेल्या अवस्थेत तीच मर्यादा 140 अंशांवर येते. म्हणून होज, रबरे आणि ऑइल नवीनच घाला, आणि जुन्या साठ्यातली ‘न वापरलेली’ रबरे मोहाने घेऊ नका, कारण रबर फडताळातही म्हातारे होते. या रबरांना इंजिन ऑइलचा किंवा साध्या ग्रीसचा स्पर्श होऊ देऊ नका, त्याने ती फुगतात. ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

यानंतर पेट्रोलची टाकी आणि नळ्या, मग वायरिंग, मग इंजिन. पत्रा आणि रंग अगदी शेवटी. आणि एका वेळी एकच व्यवस्था उघडी असू द्या. ती बंद होईपर्यंत दुसऱ्या खोक्याला हात लावायचा नाही, हा नियम पाळायला कंटाळवाणा आहे, पण तुमच्याइतकी खोकी साचलेल्या माणसाला दुसरा इलाज नाही. पुढे जे काढाल त्याचे बोल्ट पिशवीत टाकण्याऐवजी शक्य तिथे त्याच छिद्रात दोन आटे फिरवून ठेवा. नवा भाग बसून चालेपर्यंत जुना भाग फेकू नका, मग तो कितीही मोडका असो. माप घ्यायला तोच उपयोगी पडतो.

यापुढेही काहीतरी मोडेल, हे गृहीत धरून चला. मला स्वतःला शिकवणारा प्रसंग आठवतो. एका जुन्या गाडीचे इंजिन मी इतक्या हौसेने बसवले होते की चासी, माउंटिंग, कंस, सगळे चकचकीत रंगवले आणि इंजिनाची अर्थिंगची पट्टी त्या ताज्या रंगावरच आवळली. सेल्फ मारला की मोटर नुसती कण्हायची. पहिला रविवार मी बॅटरीला दोष देण्यात घालवला, दुसरा सेल्फ मोटर उघडण्यात. तिसऱ्या रविवारी चोकच्या केबलमधून धूर आला. रंगाने वाट अडवल्यामुळे सेल्फचा सगळा करंट परतताना त्या बारीक केबलमधून जात होता. रुपयाएवढ्या जागेवरचा रंग खरवडला आणि इंजिन पहिल्या फटक्यात फिरले. पुढे मी शिकलो की सेल्फ मारत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामध्ये मीटर धरला आणि अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले, तर दोष अर्थिंगचा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, आणि मी तीन रविवार घालवले होते, कारण मी मोजण्याऐवजी भाग बदलत होतो.

तेव्हापासून मी एक वही ठेवतो, आणि तुम्हीही ठेवावी असे सुचवतो. काही मोडले की प्रथम हत्यार खाली ठेवायचे, फोटो काढायचा, काय घडले ते तीन ओळींत लिहायचे, हत्यारे पुसून जागेवर लावायची आणि शेडला कुलूप घालायचे. चौथी ओळ पुढच्या कामाची : ‘मशीन शॉपला विचारणे’ इतकी छोटी. मोडलेल्या वस्तूवर त्याच दिवशी दुसरा प्रयोग करायचा नाही. तुमची ती चाळीस मिनिटे या वहीत सहज मावली असती.

विकण्याचा पर्याय मी नाकारत नाही. तपासणीनंतर विकावेसे वाटले तर खुशाल विका, फक्त चासीवरच्या खुणांचे फोटो आणि कॉम्प्रेशनचे आकडे घेणाऱ्याला दाखवून विका, आणि त्याआधी केबिन व हौदा ढिले का होईना जागेवर चढवा, कारण खोक्यांतली गाडी पूर्ण आहे यावर कुणाचा विश्वास बसत नाही. वर्षभर झाकून ठेवणे हाही एक मार्ग आहे. तसे ठरवलेत तर टाकीतले पेट्रोल काढून घ्या, बॅटरी उतरवा, सिलिंडरमध्ये तेल सोडा, प्लग परत लावा आणि मॅनिफोल्डची तोंडे फडक्याने बंद करा, म्हणजे उंदीर आत घर करणार नाहीत.

राहिला भाचा. तुम्ही लिहिता की तो ‘तसाही कंटाळला होता’. असेलही. पण जो मुलगा चाळीस मिनिटे हात न हलवता दिवा धरून उभा राहतो तो कंटाळलेला असतो, असे मला वाटत नाही. त्याच्या घरी जा आणि चूक तुमची होती एवढे सरळ सांगा. स्टड किती अवघड होता याचे वर्णन त्यात घालू नका, त्याने माफीची सफाई होते. लगेच शेडमध्ये ये, असेही म्हणू नका. काही दिवस जाऊ द्या, गाडी तोवर घोडीवर नीट उभी राहिलेली असू द्या, आणि मग चासी ठोकण्याच्या दिवसासाठी त्याला बोलवा. हे काम खरोखरच दोघांचे आहे. एकाने खाली हातोडी चालवायची, दुसऱ्याने बाजूला बसून ऐकायचे आणि आवाज बसका आला तिथे खूण करायला सांगायची, कारण ठोकणाऱ्याच्या कानात स्वतःच्याच हातोडीचा घण घुमत असतो आणि त्याला फरक उशिरा कळतो. कोवळ्या कानांना तो लवकर कळतो. या वेळी दिवा दांडीला टांगा आणि खडू त्याच्या हातात द्या.